ॲम्बॅसडरच्या पाट्यांचे बुश: पुढे रबर, मागे पीयू

माझी ॲम्बॅसडर १९९४ ची, इसुझू १८०० इंजिनाची. ज्यांनी फक्त डिझेलची ॲम्बी किंवा साहेबांची पांढरी गाडी चालवली आहे, त्यांना हे इंजिन नुसतं सांगून पटत नाही, शेजारी बसवून दाखवावं लागतं. जुनं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं होतं, हे १८१७ सीसीचं. सोबत पाच गिअर, आणि गिअरची दांडी स्टिअरिंगखालून निघून खाली फ्लोअरवर आलेली. जळगावहून धुळ्याकडे निघालं आणि तिसऱ्या गिअरमध्ये गॅस दिला, की एवढं जड धूड ज्या ताकदीने पुढे झेपावतं ते बघून आजही छाती भरून येते.

पण इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, तरी मागचा एक्सल ज्यावर बांधला आहे ती मांडणी मॉरिस ऑक्सफर्डच्या, म्हणजे जिच्यावरून ॲम्बॅसडर घडवली त्या ब्रिटिश गाडीच्या काळापासून तीच राहिली. दोन बाजूंना पाट्यांचे, म्हणजे कमानीसारख्या वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांचे दोन सेट, पुढचं टोक बॉडीला बोल्टने अडकवलेलं, मागचं टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर झुलणारं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली उत्पादन थांबलं तोवर ॲम्बॅसडर अशीच निघत होती. म्हणजे जास्तीच्या ताकदीचा सगळा भार त्याच जुन्या पाट्यांवर आणि त्यांच्या डोळ्यात, म्हणजे टोकाला वळवलेल्या गोल भोकात, बोल्टभोवती बसणाऱ्या रबरी बुशांवर आला.

अमेरिकेत साठच्या दशकात हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. मस्टँग, कॅमारो, डॉज चार्जर या गाड्यांना पुढे भलंमोठं व्ही-८ इंजिन आणि मागे मात्र पाटेच. १९६७ च्या कॅमारोला एका बाजूला एकच पाटा होता. जोरात गॅस दिला की एक्सल जागच्या जागी थडथडायचा. १९६८ मध्ये शेव्हर्लेने एक शॉक ॲब्सॉर्बर एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असे लावले, आणि ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांचा सेट दिला. क्रायस्लरने एक्सल पाट्याच्या मध्यावर न ठेवता पुढे सरकवला, म्हणजे पुढचा भाग आखूड झाला आणि आखूड म्हणून ताठ. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० ला तर एक्सल धरून ठेवायला वेगळ्या दांड्याच बसवल्या होत्या. त्या गाड्या जपणारे लोक आजही पाट्यांच्या बुशावर तासन् तास वाद घालतात: रबर ठेवायचं, त्याहून कडक पॉलीयुरेथेन (पीयू) घालायचं, का सरळ ॲल्युमिनियम. माझ्या गाडीची ताकद त्यांच्यापुढे काहीच नाही. तरी एक्सल, पाटा आणि बुश यांचं आपसातलं नातं अगदी तेच आहे, म्हणून त्यांचे वाद मी मन लावून वाचले.

मला यात बोलायचा थोडा अधिकार आहे असं वाटतं, कारण माझा धंदाच रबराचा. जळगावच्या एमआयडीसीत माझं छोटं मोल्डिंगचं युनिट आहे. ठिबकचे ग्रोमेट, पाइपच्या रबरी रिंगा, पंपांची वायसरं, हाच आमचा रोजचा माल. दिवसभर हातात रबर असतं, त्यामुळे गाडीखाली गेल्यावरही माझी नजर आधी रबराकडेच जाते.

तर गाडीची तक्रार काय होती? गिअर बदलून क्लच सोडला की मागून 'ठक्क' असा जाड आवाज. दुसरी तक्रार जास्त काळजीची होती. ऐंशीच्या वेगाने जाताना गॅस सोडला की गाडी किंचित उजवीकडे ओढायची आणि पुन्हा गॅस दिला की डावीकडे. स्टिअरिंग मी हलवलेलं नसायचं. याला पुष्कळ जण अलाइनमेंट समजतात आणि पुढच्या चाकांच्या मागे लागतात. पण गॅसबरोबर दिशा बदलत असेल तर संशय आधी मागे घ्यावा. एका बाजूचा पुढचा बुश झिजला असेल, तर ढकलताना त्या बाजूचा एक्सल थोडा पुढे सरकतो आणि इंजिनाचा ब्रेक लागला की मागे येतो. दुसरी बाजू जागची हलत नाही. म्हणजे अख्खा एक्सल तिरका होतो आणि मागची चाकं गाडी वळवायला लागतात.

खात्री करायला मोठी यंत्रं लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी केली, पुढच्या चाकांना गुटके लावले, बोल्टच्या डोक्याजवळ ब्रॅकेटवर आणि पाट्याच्या डोळ्यावर मिळून खडूची एक सरळ रेघ मारली. युनिटमधला पोरगा आत बसला. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच अर्धवट सोडायचा आणि दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. मी बाजूला पडून टॉर्च मारून बघत होतो. उजव्या बाजूची रेघ जेमतेम हलली. डाव्या बाजूची पार तुटली, वरचा अर्धा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. पहारीने हळूच उचकलं तर रबराचा काळा भुगा खाली पडला. हे करताना गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहू नये, आणि बघणाऱ्याने बाजूलाच असावं.

आता पुढच्या डोळ्यातल्या बुशाला काय काय सोसावं लागतं ते नीट सांगतो, कारण निर्णय सगळा त्यावरच आहे.

चाक पुढे फिरतं तेव्हा एक्सलचं हौसिंग उलट्या दिशेने फिरू बघतं, त्याचं नाक वर उचलतं. त्याला अडवणारी दुसरी कुठलीच दांडी या गाडीत नाही, अडवतात ते फक्त पाटे. त्या पिळाने पाटा इंग्रजी एस अक्षराच्या आकारात वाकतो. ब्रेक मारला की तेच उलटं. त्याखेरीज गाडीला पुढे ढकलणारा सगळा जोर चाकातून एक्सलला, एक्सलमधून पाट्याला आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून बॉडीला जातो. गाडीचं धावणं अक्षरशः या दोन बुशांतून होतं. मागचा शॅकल यातलं फारसं काही सोसत नाही. पाटा दबला की लांब होतो, ती लांबी सामावून घ्यायला शॅकल झुलतो. त्याचं काम मोकळेपणाने फिरणं आणि पाट्याला आडवं हलू न देणं.

पण पुढच्या बुशाचं आणखी एक काम आहे, जे लोक विसरतात. घाटात वळणावर गाडी एका बाजूला झुकते, किंवा एकच चाक खड्ड्यात जातं. तेव्हा एक्सल तिरका होतो, पण डोळ्यातला बोल्ट बॉडीबरोबर आडवाच राहतो. मधला पाटा ओला कपडा पिळावा तसा पिळला जातो. त्या पिळातला काही भाग बुशाने आपल्या अंगावर घ्यायचा असतो. रबर तो घेतं, सगळ्या दिशांनी थोडं थोडं देतं आणि परत जागेवर येतं. कडक पीयू तेवढं देत नाही. ॲल्युमिनियम तर मुळीच देत नाही. मग तो पिळ जातो कुठे? पाट्यात आणि ब्रॅकेटमध्ये. वळणावर मागची बाजू एकदम ताठ वागायला लागते आणि ओल्या रस्त्यावर टायर अचानक पकड सोडतो. रेसच्या ट्रॅकवर हे चालतं, तिथे रस्ता गुळगुळीत असतो आणि गाडी संध्याकाळी ट्रेलरवर चढते. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते आहेत. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं, आणि डाव्या-उजव्या चाकाला कधीच सारखा रस्ता मिळत नाही. यावल-चोपड्याकडच्या रस्त्यांवर तर पाटा सतत पिळलेलाच असतो.

शिवाय ॲम्बॅसडरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पाट्याचं ब्रॅकेट बॉडीच्याच पत्र्याला जोडलेलं आहे. तीस वर्षांच्या पत्र्यावर कडक बुशाने घण मारत राहणं मला पटत नाही.

म्हणून ठरवलं: पुढच्या डोळ्यात रबरच, पण चांगलं, थोडं घट्ट आणि आत-बाहेर दोन्हीकडे स्टीलच्या नळीला चिकटवलेलं. मागे शॅकलला पीयू.

पाटे उतरवायला अजिंठा चौफुलीजवळच्या कमानपाट्याच्या दुकानातल्या आबांना बोलावलं. आबा मूळचे पारोळ्याकडचे, आयुष्य ट्रकच्या पाट्यांत गेलं. बॉडी घोड्यांवर उचलली, एक्सलखाली वेगळा जॅक दिला, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते बघितलं आणि पाटा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले. पुढचा बोल्ट अपेक्षेप्रमाणे निघेना. आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. बोल्ट फिरवला की नळी फिरे, नळीबरोबर रबर पिळलं जाई आणि सोडलं की सगळं मागे येई. रात्रभर गंजाचं ऑइल मारून ठेवलं तरी फरक नाही. पेट्रोलची नळी जवळून जाते, त्यामुळे गॅस कटर लावायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. शेवटी डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीतून हॅक्सॉचं पातं घालून दोन्हीकडून बोल्ट कापला. वेळ लागतो, पण ब्रॅकेट शाबूत राहतं, आणि ब्रॅकेट शाबूत राहणं यापुढे बोल्टची काय किंमत.

जुना बुश डोळ्यातून काढून आबांनी आत बोट फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. डावा डोळा गोल राहिला नव्हता, जिथे वळण संपतं तिथे उघडला होता. मी विचारलं, तापवून परत वळवता येईल का. आबा म्हणाले, "हाऊ डोळा उघडी गया भाऊ. आते तापाडीसन काय फायदा नही, पानी उतरी जाई. नवा पाटा टाक." आणि ते बरोबरच होतं. पाट्याचं स्टील पाणी देऊन, मग ठरावीक तापमानाला परत तापवून कमावलेलं असतं. नुसता डोळा भट्टीत घालून वळवला तर तेवढा भाग नरम पडतो आणि भाराखाली पुन्हा उघडतो. दोन्ही बाजूंचे मेन पाटे, म्हणजे ज्यांना डोळे असतात ते, नवे घेतले, ईएन-४५ या स्प्रिंगच्या स्टीलच्या पट्टीचे, जुन्याच्या मापाने. एकाच बाजूचा बदलला असता तर गाडी तिरकी बसली असती.

नवे डोळे मी व्हर्निअरने मोजले, आडवा, उभा आणि तिरका, तिन्ही दिशांनी आणि दोन्ही तोंडांना. हा कंटाळा कुणी करू नये. बुश सैल बसला तर तो डोळ्यात फिरतो, आणि बाहेरची नळी एकदा फिरायला लागली की बुश कितीही उत्तम असो, उपयोग नाही.

आता रबर. बाजारात तयार बुश मिळतात, मी एक आणून मधून कापून बघितला होता. आतला माल रीक्लेमचा, म्हणजे जुन्या टायरांचं पुन्हा दळलेलं रबर. नख दाबलं की खळगा राहत होता. नळीला रबर चिकटलेलंच नव्हतं, नुसतं दाबून बसवलेलं. असा बुश घातला तर पहिल्या दिवशी आवाज जातो, माणूस खूश होतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात परत तेच.

मी केरळच्या आरएसएस-४ शीटचा, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या नैसर्गिक रबराचा कंपाऊंड बनवला. ठिबकच्या ग्रोमेटला आम्ही ईपीडीएम हे कृत्रिम रबर वापरतो, कारण ते उन्हात आणि ओझोनला टिकतं. पण इथे नैसर्गिक रबरच हवं. त्याची मोठी खुबी ही, की ते ताणलं की त्याचे रेणू रांगेत लागून तिथल्या तिथे घट्ट होतात आणि बारीक चीर पुढे सरकू देत नाहीत. दर खड्ड्याला पिळल्या जाणाऱ्या वस्तूत याहून मोलाचा गुण नाही. कार्बन ब्लॅक घातलं, गंधक, झिंक ऑक्साइड, आणि उष्णतेपासून व ओझोनपासून जपणारी औषधं नेहमीपेक्षा थोडी सढळ हाताने. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. बुश त्या डांबरापासून हातभर उंचीवर, शिवाय सायलेन्सरच्या पाइपाच्या शेजारी. कडकपणा शोअर ए या रबराच्या मापपट्टीवर ६५ च्या आसपास ठेवला (आकडा मोठा तेवढं रबर कडक). जुन्या मूळ बुशाचा जो भाग शाबूत होता त्यावर कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर लावला तर आकडा बराच जास्त आला, पण तो वयाने कडक झालेला, त्यावरून माप घेता येत नाही.

नळ्या टर्नरकडून काढल्या, शॉट ब्लास्ट केल्या आणि त्यानंतर उघड्या हाताने त्यांना शिवू दिलं नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा चिकटण बिघडवतो. रबर धातूला चिकटवणाऱ्या केमलॉकचा आधी प्रायमर, वाळल्यावर वरचा हात, आणि मग साच्यात. रबर जाड असलं की उष्णता आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तापमान १४५ अंशांवर ठेवून वेळ वाढवला. घाई करून १७० ला शिजवलं तर बाहेरून पक्कं आणि आत कच्चं राहतं.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि स्वस्त बुशांत हीच गाळतात. साच्यातून काढल्यावर रबर थंड होताना आकसतं. पण ते दोन नळ्यांना चिकटलेलं असतं, त्यामुळे आतल्या आत ताणात राहतं. ताणातलं रबर लवकर चिरतं. म्हणून बुश थंड झाल्यावर बाहेरची नळी डायमधून दाबून तिचा व्यास थोडा कमी करायचा, म्हणजे आतलं रबर ताणातून निघून दाबात येतं. बुशाच्या आयुष्यात पडणारा फरक फार मोठा असतो. माझ्याकडे डाय नव्हती, ती बनवून घेतली. एक बुश मुद्दाम बळी देऊन प्रेसवर आतली नळी ओढून काढली. रबर मधून फाटलं, पण दोन्ही नळ्यांना रबराचा थर चिकटलेलाच राहिला. चिकटण पक्कं झाल्याची खूण तीच.

शॅकलचं गणित वेगळं. तिथे कोन जास्त फिरतो आणि जोर कमी असतो. तिथे नुसतं रबर घट्ट आवळून ठेवलं तर शॅकल झुलताना अडतो, आणि सैल ठेवलं तर मागची बाजू आडवी हलते. पीयूमध्ये आतली पिन फिरू शकते आणि बुश आडवा हलत नाही. शोअर ए ८५ चे बुश ओतून घेतले, आतून ग्रीसच्या खाचा पाडून. घेताना एवढंच विचारा की माल पॉलीइथर आहे का पॉलीएस्टर. पॉलीएस्टर तेलाला चांगलं टिकतं, पण ओलाव्याने आणि उष्णतेने मिळून ते हळूहळू फुटायला लागतं. चाकाच्या मागे, चिखलपाण्यात, पॉलीइथरच हवं. ग्रीस सिलिकोनचं लावायचं. नेहमीचं चाकाचं ग्रीस लावलं तर ते शेजारच्या रबरी भागांना लागतं, आणि पावसात धुऊनही लवकर जातं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडी दिली की पुष्कळ ठिकाणी खालून जळकं ऑइल किंवा डिझेल फवारतात, गंज लागू नये आणि पाटे कुरकुरू नयेत म्हणून. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषतं, फुगतं आणि मऊ पडतं. काही महिन्यांत बुशाची लापशी होते. दोनशे रुपयांच्या फवारणीपायी अख्खी मागची बाजू सैल होते. गाडी दाखवायला गेलात तर आधीच बजावून सांगा: खालून पाण्याने धुवा, बाकी काही नको. माझ्या डाव्या बुशाचा भुगा हातात घेतला तेव्हा त्याला डिझेलचा वास होता.

बसवताना पुढचे बुश प्रेसवर दाबले, बाहेरच्या नळीच्या कडेवर जोर देऊन. आतल्या नळीवर जोर दिला तर चिकटण तिथेच सुटतं. बोल्ट नवे, त्यांच्या अंगाला कॉपर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी हॅक्सॉ काढायला नको. सगळे नट हातानेच बसते केले, आवळले नाहीत. पोरगा गोटी पाना घेऊन सरसावला तेव्हा आबांनी त्याचा हात धरला. "आते नको आवळू. गाडी चाकवर उभी ऱ्हाऊ दे, मंग आवळ."

कारण साधं आहे. चिकटवलेल्या बुशात काहीच घसरत नाही, सगळी हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. चाकं लटकत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही कायम पिळलेलंच राहतं. मग प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. नव्या बुशाची चिकटण वर्षभरात सुटलेली दिसली, तर बहुतेक वेळा माल वाईट नसतो, आवळण्याची वेळ चुकलेली असते. आम्ही गाडी चाकांवर उतरवली, डिकीत आणि मागच्या सीटवर रोजच्याइतकं वजन ठेवलं, बंपर धरून दोन-चार वेळा दाबून सोडली, आणि मग खाली शिरून पुढचे बोल्ट पक्के केले. यू-बोल्ट मात्र त्याआधीच, आडव्या-तिरप्या क्रमाने सारखे आवळायचे आणि पाचशे किलोमीटरनंतर परत तपासायचे, कारण नवा पाटा जागेवर बसताना थोडी ढील येतेच.

चालवून काय फरक पडला? 'ठक्क' गेला, ते तर व्हायचंच होतं. बांभोरीच्या पुलावर जोडांवरून जाताना आधी दोन आवाज यायचे, टायरचा आणि त्यामागून एक्सलचा. आता फक्त टायरचा येतो. पण खरा आनंद गॅस सोडल्यावरचा. एरंडोल सोडून मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना मुद्दाम गॅस सोडला, दिला, पुन्हा सोडला. गाडी सुतात चालली. स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून मी हे करत होतो आणि ओठांवर हसू मावत नव्हतं.

चाळीसगावहून कन्नडच्या घाटात नेली, कारण पिळाची परीक्षा तिथेच. अवघड वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गॅस देताना पूर्वी मागची बाजू आधी बसायची, मग ढकलायची. मधे एक क्षण गाडी कुणाचीच नसायची. तो क्षण संपला. आणि तरीही वळणातल्या खड्ड्यावर मागचं टायर उडलं नाही, टेकून राहिलं. पुढच्या डोळ्यात रबर ठेवल्याचा हा फायदा. याच घाटात मी एकदा सगळीकडे पीयू घातलेली जुनी फियाट चालवली आहे. सरळ रस्त्याला ती फार छान होती, वळणात मात्र प्रत्येक खळग्याला मागून टुणकन सरकायची. तिच्या मालकाला ते आवडतं, तो प्रत्येकाच्या आवडीचा प्रश्न. मला घरच्यांना घेऊन फिरायचं असतं.

माझी खरी परीक्षक मागच्या सीटवर बसते. आईला फैजपूरला न्यायचं असलं की भुसावळ, तापीचा पूल, बामणोद हा रस्ता. तिची कंबर वीस वर्षांपासून दुखते, आणि पाट्याचा ताठपणा तिच्याइतका अचूक मला कुठलंच यंत्र सांगत नाही. काम झाल्यावर तिला काही न सांगता घेऊन गेलो. बामणोदला भरिताची वांगी घ्यायला थांबलो तेव्हा विचारलं, गाडी कशी वाटते. म्हणाली, "आज पोटात ढवळलं नाही रे." ताठ झाली का म्हटलं, तर नाही म्हणाली. बसल्या जागी हलायची, ती हलत नाही, एवढंच तिचं म्हणणं. एवढं नेमकं वर्णन मी करू शकलो नसतो.

पहिल्या पावसानंतर शॅकलचा पीयू उजव्या बाजूने थोडा कुरकुरला. पिन काढून पुसली, सिलिकोन ग्रीस पुन्हा भरलं, थांबला. पीयूला ही देखभाल लागतेच. ज्यांना गाडीखाली जायची हौस नाही त्यांनी शॅकललाही चांगलं रबर घालावं आणि काही वर्षांनी बदलावं. गाडी रोजच्या वापराची असेल तर त्यात काही कमीपणा नाही. पुढच्या डोळ्यात मात्र, गाडी रस्त्यावरच चालवायची असेल, तर चिकटवलेलं रबर सोडून दुसरं काही घालू नका असंच मी सांगेन, मग ती ॲम्बॅसडर असो, फियाट असो, नाहीतर कुणाच्या गोठ्यात झाकून ठेवलेली जुनी अमेरिकन गाडी असो.

साचा आणि डाय आता तयार आहे. स्वतःच्या गाडीसाठी बुश करून घ्यायचे असतील तर डोळ्याचा आतला व्यास दोन्ही तोंडांना, डोळ्याची रुंदी, ब्रॅकेटच्या आतलं अंतर आणि बोल्टची जाडी, एवढी मापं पाटा उतरवून घ्यावीत. जुन्या बुशावरून घेऊ नयेत, तो दबलेला असतो. आतली नळी ब्रॅकेटच्या अंतराइतकीच लांब हवी. ती आखूड पडली तर बोल्ट आवळताना ब्रॅकेटचे कान आत वाकतात, आणि रबर कडेने चिरडलं जातं.

माझ्या गाडीचं एक काम अजून राहिलं आहे. मेन पाटे नवे, पण त्याखालचे जुनेच, आणि डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली बसते. दिवाळीनंतर आबांकडे दोन्ही सेट देऊन कमान सारखी करून घेणार आहे. त्या वेळी पुढचे बोल्ट पुन्हा सोडून, गाडी नव्या उंचीवर उभी करून, मग आवळावे लागतील.